शेजारी घराजवळ फासक्या लावतायत असा संशय आहे, वनखात्याला कळवू का?

पागोळी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतंच वाचतेय, आज लिहायची वेळ आली. आम्ही कोकणात राहतो, तालुका-गाव मुद्दाम सांगत नाहीये. घराच्या मागे आमची थोडी काजूची बाग, त्याला लागून शेजाऱ्यांची जमीन, आणि त्याच्या वर सगळं रान. गेल्या पावसाळ्यानंतर रात्री अधूनमधून बार ऐकू येतो, कधी एक, कधी पाठोपाठ दोन. सुरुवातीला वाटलं डुकरं हाकलायला फटाके लावत असतील, सगळेच लावतात. पण मग वरच्या अंगाला बॅटरीचे उजेड फिरताना दिसायला लागले, डोक्याला बांधतात तसल्या बॅटऱ्या, आणि ते उजेड शेतात नाही तर रानाच्या कडेने फिरतात.

आता मुख्य गोष्ट. परवा आमच्या आणि त्यांच्या मधल्या वईत, म्हणजे कुंपणात, एक खिंडार पडलंय तिथे काट्या भरायला गेले, तर त्या खिंडारात बरोब्बर गुडघ्याच्या उंचीवर तारेचा फास. मोटरसायकलच्या क्लचची वायर असते ना ती, एक टोक ऐनाच्या मुळाला पीळ देऊन बांधलेलं, आणि फास उघडा राहावा म्हणून दोन्ही बाजूंनी कारवीच्या काटक्या टोचलेल्या. खालची माती जनावरं जाऊन जाऊन गुळगुळीत झालेली. म्हणजे ज्याने लावलाय त्याला वाट नीट माहिती आहे. त्याच खिंडारातून आमची मुलगी आणि कुत्रा पलीकडे जातात. मुलगी सात वर्षांची आहे.

शेजारी वाईट माणूस नाही हो. सासऱ्यांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा यांनीच आपल्या गाडीत घालून तालुक्याला नेलं होतं, माझे मिस्टर मुंबईत असतात. शेजाऱ्यांकडे बंदूक आहे, शेतीसंरक्षणाची, परवाना आहे असं ऐकून आहे. पण शिकार करायची परवानगी असते का? का ती फक्त डुकरांसाठी असते? फास त्यांनीच लावला हे मी पाहिलेलं नाही, आणि सासूबाई म्हणतात ज्याने आपलं माणूस वाचवलं त्याच्या दारात फॉरेस्टवाले पाठवायचे नाहीत. मला रात्री झोप येत नाही. काय करू?

रातकिडा

ताई, स्पष्ट सांगतो राग मानू नका. गावात राहायचंय तर या भानगडीत पडू नका. डुकराची शिकार कोकणात पिढ्यान् पिढ्या होतेय, सगळ्यांना माहिती असतं, फॉरेस्टलाही माहिती असतं. तुम्ही तक्रार करणार, ते दोन दिवसांनी सुटून येणार, आणि मग पाण्यापासून वाटेपर्यंत प्रत्येक गोष्टीत वैर सुरू. तुमचे मिस्टर बाहेरगावी असतात हे तुम्हीच लिहिलंय. कुत्रा बांधून ठेवा, मुलीला तिकडे पाठवू नका, खिंडार बुजवा, विषय संपला.

टिटवी

रातकिडा, खिंडार बुजवून फास दुसरीकडे लागेल, संपणार काहीच नाही. पागोळी, पहिली गोष्ट म्हणजे त्या तारेला हात लावू नका, कापू नका, सोडवू नका. लांबून फोटो काढा, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून काढा, जवळचं झाड किंवा गडगा फोटोत येऊ दे म्हणजे जागा ओळखता येईल. आणि तो फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजिबात टाकू नका, अर्ध्या तासात फास गायब होईल आणि फोटो कुणी टाकला ते गावभर होईल.

मी पक्षी बघायला रानात फिरतो, फासक्या पाहिल्यात. जिथे एक असते तिथे सहसा एकच नसते, वईच्या ज्या ज्या खिंडारातून जनावराची वाट जाते तिथे लावत जातात. त्यामुळे फक्त ते एक खिंडार टाळून भागणार नाही.

काळीमाती

मी शेतकरी आहे म्हणून थोडं दुसऱ्या बाजूने लिहितो. भात पोटरीत आला की एका रात्रीत कळप येऊन अख्खा कोपरा लोळवून जातो, नुसतं खात नाहीत, नासाडी जास्त करतात. नाचणी तर कित्येकांनी सोडूनच दिली, माकडांनी आणि डुकरांनी. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत उरलेलंही जातं. आमच्याकडे वर्षानुवर्षे शेतीसंरक्षणाच्या बंदुका आहेत आणि प्रत्येक निवडणुकीला त्या पोलीस स्टेशनात जमा करायच्या, नेमका हंगाम असला की बोंब. तेव्हा शेतकऱ्याने काय करायचं? हे सगळं न बघता लगेच ‘शिकारी’ म्हणून शिक्का मारला जातो त्याचा त्रास होतो.

पण पागोळीताई, तुम्ही जे वर्णन केलंय ते मला शेत राखणाऱ्याचं वाटत नाही. शेत राखणारा शेतात बसतो, माळा बांधतो, आरडाओरडा करतो, डबे वाजवतो. तो बॅटरी डोक्याला बांधून रानाच्या कडेने फिरत नाही. आणि दोन घरांमधल्या वईत फास लावणं हे मी कुठल्याही शेतकऱ्याचं समर्थन करताना समर्थनीय म्हणणार नाही. तिथून माणसं जातात.

सनद

मी वकिली करते, वन्यजीवांच्या केसेस थोड्या पाहिल्यात, म्हणून परवानगीबद्दल जो प्रश्न आहे तेवढ्यापुरतं लिहिते.

बंदुकीचा परवाना वेगळा आणि शिकारीची परवानगी वेगळी. बंदुकीचा परवाना शस्त्र कायदा १९५९ खाली मिळतो, त्याने तुम्हाला शस्त्र बाळगायचा अधिकार मिळतो, जनावर मारायचा नाही. शिकारीचं सगळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये येतं. त्याच्या कलम ९ ने अनुसूची एक आणि दोन, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांमधल्या प्राण्यांची शिकार बंद आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात सहाच्या चार अनुसूच्या झाल्या, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, ससाही. म्हणजे ‘डुक्कर आहे, चालतं’ हे खरं नाही. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते, पण ती कोणाला, कुठल्या भागापुरती, कशासाठी हे त्या आदेशात लिहिलेलं असतं. फास लावायची परवानगी आहे असं कुणी म्हणालं तर कागद दाखव म्हणावं.

आणि ‘शिकार’ म्हणजे फक्त गोळी घालून मारणं असं कायदा समजत नाही. कलम २ मधल्या व्याख्येत पकडणं, विष घालणं, फासात किंवा सापळ्यात अडकवणं, हाकारा घालणं, आमिष लावणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं हे सगळं शिकारच आहे. जनावर अडकलं नाही तरी फास लावणं हा प्रयत्न झालाच.

शिक्षेचं सांगायचं तर अनुसूची दोनच्या प्राण्याला साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण अनुसूची एकचा प्राणी असेल, उदाहरणार्थ बिबट्या, खवले मांजर, मोर, तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही. आता फासकी काय बघून पकडते का, की डुक्कर आलं तरच आवळायचं आणि बिबट्या आला तर सोडायचं?

पागोळी

सनद, बिबट्याचं तुम्ही लिहिलंत आणि काळजात धस्स झालं, कारण आमच्याकडे बिबट्या येतो. कुत्री नेतो. म्हणजे त्या वाटेने तोही जात असेल.

डांगीगाय

मी जनावरांचा डॉक्टर आहे, सरकारी नाही, पण फासकीत अडकलेल्या बिबट्याच्या ठिकाणी मदतीला गेलोय. ज्यांना वाटतं की फासकी म्हणजे साधी तार, त्यांच्यासाठी लिहितो कारण हे बघितल्याशिवाय कळत नाही.

बिबट्या चालत येतो, डोकं आणि एक-दोन पाय आत जातात, आणि फास बहुतेक वेळा कमरेवर किंवा पोटावर बसतो. मग तो जोर लावतो. जितका ओढेल तितकी तार आवळते, क्लचची वायर असल्याने तुटत नाही, केस आणि कातडी कापत आत जाते. रात्रभर झटापट चालते, आजूबाजूची माती उकरलेली, झाडाच्या सालीवर पंज्यांचे ओरखडे, तोंडाला फेस. सकाळी गर्दी जमते, मोबाईल घेऊन लोक पुढे पुढे सरकतात, तो आणखी घाबरतो आणि आणखी ओढतो. भुलीचं इंजेक्शन डार्टने मारून, तो पूर्ण झोपल्यावरच तार कापायची असते. त्याआधी कुणी दयेपोटी तार कापली तर दोन गोष्टी होतात, एक तर तो समोरच्यावर येतो, किंवा तार अंगात घेऊनच पळतो आणि कुठेतरी जाळीत कुजून मरतो. बाहेरून जखम लहान दिसली तरी आतल्या रक्तपुरवठ्याचं, स्नायूंचं, मूत्रपिंडाचं इतकं नुकसान झालेलं असतं की सोडवलेला बिबट्या दोन दिवसांनी दगावतो, हे मी पाहिलंय.

आता हे घराच्या मागच्या वईत झालं असं समजा. पागोळीताई, तुमचं अंगण तिथून किती लांब आहे? जखमी, अडकलेला बिबट्या आणि त्याच्याभोवती शंभर माणसं, त्यात लहान मुलं. हा प्रश्न मला तरी निसर्गप्रेमाचा वगैरे नंतर वाटतो, आधी तो तुमच्या घराचा आहे.

आजोळ

हे सगळं खरं आहे, पण ताईंचा पेच वेगळा आहे असं मला वाटतं, त्यांना कायदा कळला नाही म्हणून झोप येत नाहीये असं नाही. ज्याने सासऱ्यांना वाचवलं त्याच्याविरुद्ध कसं जायचं हा आहे. माझं माहेर असंच रानाच्या कडेला. माझं मत, आधी बोलून बघा. एकट्या नका जाऊ, सासऱ्यांना घेऊन जा, ते बोलले तर शेजाऱ्यांना उलट बोलता येणार नाही. ‘पोरगी त्या वाटेने जाते, तिथे तार आहे, कुणी लावली ठाऊक नाही, तुम्ही जरा बघा’ एवढंच. आरोप न करता. समजणाऱ्याला समजतं.

निवृत्त_वनपाल

खात्यात वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो, सगळी नोकरी सह्याद्रीच्या पट्ट्यात गेली. आजोळताईंचा सल्ला चांगल्या मनाचा आहे आणि काही वेळा तो चालतोही. पण इथे मला तो पटत नाही, का ते सांगतो.

एकटा शेतकरी स्वतःच्या बांधावर फास लावत असेल तर वडीलधाऱ्याचं बोलणं पुरतं. इथे मात्र ताईंनी ‘उजेड’ लिहिलंय, म्हणजे एकाहून जास्त बॅटऱ्या. म्हणजे पार्टी आहे. रात्री चार-पाच जण बंदूक घेऊन फिरतात तेव्हा त्यातले काही बाहेरगावचे असतात, काही वेळा माल कुठे द्यायचा हे आधी ठरलेलं असतं. तुमचा शेजारी त्यात असेलही, किंवा त्याच्या जमिनीतून ते जात असतील आणि तो भिडेपोटी गप्प असेल, किंवा त्याला पत्ताही नसेल. तुम्ही त्याच्याशी बोललात की ते इतरांपर्यंत जाणार. आणि बोलून काही झालं नाही म्हणून पुढे तुम्ही कळवलंत, तर कुणी कळवलं हे उघड झालं. आधी बोलणं आणि नंतर कळवणं हा सगळ्यात वाईट क्रम आहे, असं मी पंचवीस वेळा तरी लोकांना सांगितलं असेल.

दुसरं, तुम्ही सगळे ‘शेजाऱ्याची तक्रार’ म्हणताय. तक्रार शेजाऱ्याची करायचीच कशाला? ताईंनी शेजाऱ्याला काही करताना पाहिलेलंच नाही. त्यांनी पाहिलीय तार. ऐकलाय बार. दिसलेत उजेड. तेवढंच सांगायचं. ‘अमुक ठिकाणी वईत क्लचवायरची फासकी आहे, मुलं जातात त्या वाटेवर, रात्री वरच्या अंगाला बंदुकीचे आवाज येतात.’ नाव विचारलं तर ‘कुणी लावली मला माहीत नाही’ म्हणायचं, आणि ते खरंच आहे. कोण ते शोधणं आमच्या लोकांचं काम आहे, त्याचा पगार मिळतो. बातमी देणाऱ्याने निवाडा करायचा नसतो.

महाराष्ट्र वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६. तिथे सांगितलेलं पुढे त्या त्या भागाला कळवलं जातं. शक्य असेल तर थेट तुमच्या आरएफओ म्हणजे वनक्षेत्रपालांशी बोला, आणि माझं नाव बाहेर येऊ देऊ नका असं पहिल्याच वाक्यात सांगा.

रातकिडा

काका, तुमच्या अनुभवाचा मान राखून विचारतो, नाव बाहेर येत नाही याची खात्री कोण देणार? आमच्याकडे एकाने असंच कळवलं होतं, गार्ड सरळ त्याच्याच घरी चहाला आला आणि ‘तुम्हीच फोन केला होता ना’ म्हणून ओटीवर मोठ्याने बोलला. समोर सगळा गाव. त्या माणसाचं काजूचं कलम कुणीतरी रातोरात तोडलं. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यामुळे मी भित्रा आहे असं समजा हवं तर, पण बाईमाणूस घरात एकटी असताना मी कुणाला ‘कळवा’ म्हणणार नाही.

सनद

रातकिडा, तुमची भीती खोटी नाही, असं घडतं आणि जो असा ओटीवर बोलला त्याने कामात कसूर केली. कायद्याचं एवढं सांगते की माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(छ) मध्ये, म्हणजे इंग्रजीतल्या ८(१)(जी) मध्ये, खबर देणाऱ्याची ओळख उघड होईल किंवा त्याच्या जिवाला धोका होईल अशी माहिती देण्यापासून सूट आहे. म्हणजे उद्या कुणी आरटीआय टाकून ‘आमची खबर कुणी दिली’ विचारलं तर खात्याला नाव द्यावं लागत नाही. हा कागदावरचा बचाव आहे, ओटीवरच्या बडबडीला तो पुरत नाही हे मान्य.

म्हणून निवृत्त काकांनी म्हटलं तसं वरच्या अधिकाऱ्याशी बोलणं बरं. आणखी एक, बंदुकीचा बार घरांच्या जवळ होत असेल तर तो वन्यजीवांपुरता विषय राहत नाही. माणसांच्या जिवाला धोका होईल असं बेदरकार कृत्य हा भारतीय न्याय संहितेत कलम १२५ चा वेगळा गुन्हा आहे, त्यासाठी ११२ आहे. ठासणीची, बिनपरवान्याची बंदूक असेल तर शस्त्र कायदा वेगळा लागतो. आणि डुकरांसाठी गावठी बॉम्ब ठेवतात ते तर स्फोटकांच्या कायद्यात जातं. पागोळी, वाटेत कुठे कणकेचा किंवा माशाचा गोळा, दोऱ्याने गुंडाळलेलं काही पडलेलं दिसलं तर पायानेही हलवू नका. कुत्र्यांची तोंडं फुटतात त्याने.

काळीमाती

गावठी बॉम्बचं सनद यांनी लिहिलं ते फार महत्त्वाचं. आणि करंट. काही जण थेट लाइटच्या तारेवर आकडा टाकून शेताभोवती उघडी तार सोडतात. त्यात माणसं मेलीत, दरवर्षी पेपरात येतं, बहुतेक वेळा लावणाऱ्याच्याच घरचं किंवा शेजारचं कोणी. सोलर कुंपण वेगळं, त्याचा झटका क्षणभराचा असतो आणि मशीनमधून येतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. कुणी त्या थेट तारेला ‘झटका’ म्हणून खपवत असेल तर ते खोटं आहे.

मी आधी शेतकऱ्यांची बाजू लिहिली ती अजूनही माझी आहे. पण नुकसानीची भरपाई मागायची असते, परवानगी मागायची असते, हे रस्ते कितीही किचकट असले तरी आहेत. आणि ते रस्ते मागताना फासक्यांनी आमची बाजू कमजोर होते. बिबट्या अडकला की बातमी बिबट्याची होते, भाताची कोणी विचारत नाही.

आजोळ

निवृत्त काका, तुमचं ‘आधी बोलणं आणि नंतर कळवणं’ हे वाचून मी विचार बदललाय. मी माझ्या माहेरच्या एका घरगुती प्रकरणावरून सांगत होते, तिथे पार्टी वगैरे नव्हती. फक्त एक विचारते, पोलीस पाटील आहेत ना गावात? त्यांना सांगितलं तर?

निवृत्त_वनपाल

चालतं, कायद्याने गुन्ह्याची खबर वर देणं हे पोलीस पाटलाचं कर्तव्यच आहे, महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ प्रमाणे. पण पोलीस पाटील गावातलाच माणूस, कुणाचा कोण लागतो ते तुम्हाला माहीत. चांगला असेल तर त्याच्याएवढा उपयोग कुणाचा नाही, कारण तो स्वतःच्या नावाने खबर देऊ शकतो आणि तुमचं नाव मधून निघून जातं. ते ताईंनी ठरवावं.

अजून एक सांगायचं राहिलं. काहींना वाटतं कळवलं म्हणजे शेजाऱ्याचं वाटोळं केलं. उलट बाजूने बघा. आज तिथे रिकामी तार आहे. बहुतेक वेळा गस्त येते, फासक्या काढून नेते, अज्ञात इसमाविरुद्ध नोंद होते आणि लावणाऱ्याला धाक बसतो. हमी देत नाही, कारण तार लावणं हाही गुन्हाच आहे आणि पुरावा मिळाला तर कारवाई होणारच. पण महिन्याभराने त्याच तारेत बिबट्या मेलेला सापडला तर मग कुत्रं आणतात, घरं तपासतात, तारेचं दुसरं टोक कुणाच्या गोठ्यात मिळतं ते बघतात, आणि तेव्हा सात वर्षांपर्यंतची गोष्ट असते. मी अशा घरात गेलोय. म्हातारी आई दारात बसलेली आणि आम्ही मुलाला गाडीत घालतोय. ज्याने तुमच्या सासऱ्यांना दवाखान्यात नेलं त्याचं भलं कशात आहे, हे सासूबाईंना एकदा अशा अंगाने सांगून बघा.

पागोळी

काका, तुमचं शेवटचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी सासऱ्यांना म्हणाल्या की पोरीला त्या बाजूला सोडू नका, मी बघते. याला मी होकार समजले.

पोलीस पाटील शेजाऱ्यांच्या नात्यात आहेत, म्हणून ते नको. आज दुपारी घरातून १९२६ ला फोन केला. समोरच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, जागा कुठली, तार जमिनीपासून किती उंच, मुलं जातात का, आवाज किती वाजता येतात, उजेड किती दिसतात. शेजाऱ्याचं नाव त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझं नाव घेतलं पण गुप्त ठेवा म्हटल्यावर ‘हो’ म्हणाल्या. नंतर आरएफओ साहेबांचा नंबर मिळवून त्यांनाही फोन केला, त्यांना रातकिडा यांनी लिहिलेलं ओटीवरचं उदाहरण सांगितलं आणि कृपा करून आमच्या घरी गाडी थांबवू नका म्हटलं. ते म्हणाले गस्त वरून, रानाच्या बाजूने आणू, तुमच्या दारातून नाही.

टिटवी

फार चांगलं केलंत. गस्त येईपर्यंत कुत्रा साखळीला, आणि तुम्हीही रोज जाऊन तार आहे का बघू नका, वारंवार फेऱ्या मारलेल्या लोकांच्या लक्षात येतात.

रातकिडा

पागोळीताई, मी अजूनही म्हणतो जोखीम आहे, पण तुम्ही जसं सांगितलंत तसं कुणी सांगत असेल तर माझा विरोध नाही. मिस्टरांना थोडे दिवस घरी बोलावून घ्या. गावातलं कुणी खोदून खोदून विचारायला लागलं तर उत्तर आधीच ठरवून ठेवा, घरातल्या सगळ्यांचं एकच, सासूबाईंचंसुद्धा.

पागोळी

खबर द्यायची म्हणून लिहिते. गस्त येऊन गेली. सकाळी लवकर वरच्या अंगाने वनपाल आणि तीन-चार वनरक्षक उतरले, आमच्याच नाही तर ओळीतल्या सगळ्यांची कुंपणं बघत गेले, त्यामुळे कुणा एकावर रोख आहे असं दिसलं नाही. आमच्या खिंडारातली तार निघाली, आणि टिटवी म्हणाले होते तसंच झालं, आणखी तीन निघाल्या. त्यातली एक ओढ्याच्या वाटेवर, जिथून शाळेची मुलं शॉर्टकट मारतात. एका तारेला केस चिकटलेले होते, जाडे, काळपट, डुकराचेच असावेत असं ते आपसात बोलत होते. तारा पिशवीत घालून सील केल्या, पंचनामा केला, पंच म्हणून खालच्या वाडीतले दोघे घेतले.

शेजारी तेव्हा अंगणात उभे होते. त्यांच्या जमिनीतून दोन तारा निघाल्या. वनपालांनी विचारलं तर म्हणाले मला माहीत नाही, रात्री कोण कोण फिरतं. खरं असेल, नसेल. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मीही बघितलं, नजर चुकवली नाही. त्यानंतर त्यांची बायको विहिरीवर भेटली तर बोलली नेहमीसारखी, पण ते स्वतः अजून आमच्याकडे आले नाहीत. आधी रोज संध्याकाळी सासऱ्यांशी पत्ते खेळायला यायचे. सासरे वाट बघतात, मला ते बघवत नाही. तरी फोन केला नसता तर बरं झालं असतं असं मला एकदाही वाटलेलं नाही, कारण ओढ्याच्या वाटेवरची ती तार मी डोळ्यांनी पाहिली.

आजोळ

सासऱ्यांनाच जाऊ दे त्यांच्याकडे, पत्ते घेऊन. काही विषय न काढता. तुमच्या घराने त्यांचं नाव घेतलेलंच नाही, मग संबंध तोडायचं कारण तुमच्या बाजूने तरी नाही.

काळीमाती

आणि त्यांचं भाताचं नुकसान झालं असेल तर भरपाईच्या अर्जाला मदत करा. नुकसान झालं की लगेच फोटो, सातबारा, आणि जवळच्या वनकार्यालयात अर्ज, उशीर केला की मिळत नाही. कित्येक जण या अर्जाला कंटाळून सोडून देतात. तुमचे मिस्टर लिहिण्यावाचण्यात असतील तर त्यांनी भरून द्यावा.

पागोळी

हे दोन्ही करते. पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. काल रात्री परत बार झाला. आवाज या वेळी लांबून, ओढ्याच्या पलीकडून आला, आणि शेजारी तेव्हा स्वतःच्या ओटीवर होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे निदान कालचे ते नव्हते. आता परत १९२६ का ११२?

निवृत्त_वनपाल

बार चालू असताना ११२, कारण तेव्हा बंदूक हातात असते आणि पोलीस रात्री निघू शकतात, लगोलग १९२६ लाही कळवा म्हणजे दोन्हीकडे नोंद राहील. फोनवर दिशा सांगा, ओढ्याच्या पलीकडे, कुठल्या वाडीच्या बाजूला, बार किती झाले, गाडीचा आवाज आला का आणि कुठल्या रस्त्याने गेली. गाडी हा फार कामाचा धागा असतो, पार्टी बाहेरची असेल तर गाडी कुठेतरी लावावीच लागते. वहीत तारीख-वेळ लिहीत जा. अंगणातला दिवा लावू नका, बाहेर येऊन बघू नका, खिडकीतून बॅटरी मारू नका. आणि शेजारी ओटीवर होते हे तुम्ही पाहिलंय, तर उद्या चौकशीत त्यांचं नाव आलं तर तेही सांगा. पाहिलेलं सगळं सांगायचं असतं, त्यांच्या विरुद्धचं तेवढंच नाही.

पागोळी

सांगेन काका. वही आजच केली, कालची वेळ आणि दिशा लिहून ठेवलीय.